लायक्रा, स्पीडो, बिकिनी: नावं आणि वस्तुस्थिती

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत कापडाचे कारखाने आहेत, धागा आणि रंगाई यांवर इथली कित्येक घरं चालतात. तरी पोहण्याचा पोशाख घेताना ‘लायक्राचं दाखवा’ असंच म्हटलं जातं. लायक्रा म्हणजे एक कापड, हा समज चुकीचा आहे. ते एका ताणल्या जाणाऱ्या धाग्याचं व्यापारी नाव. हा धागा अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली तयार केला. त्याचं सर्वसाधारण नाव इलास्टेन किंवा स्पॅन्डेक्स. पोहण्याच्या कपड्यात मुख्य धागा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचाच असतो, इलास्टेन त्यात थोडंसं मिसळतात. तेव्हा लेबलावरचे टक्के आधी वाचावेत. तरणतलावातल्या क्लोरीनने इलास्टेन झिजतं आणि पोशाख सैल पडतो. रोज पोहणाऱ्यांना पॉलिएस्टर जास्त असलेला पोशाख अधिक टिकतो. तलावातून असो की केळव्याच्या समुद्रातून, बाहेर आल्यावर तो लगेच साध्या पाण्यातून काढावा.

नायलॉनचं नेमकं उलट. ते व्यापारी नाव वाटतं, पण ड्युपाँने ते मुद्दाम सर्वांसाठी खुलं ठेवलं.

स्पीडो म्हणजे पोहण्याची आखूड चड्डी, असंही मानतात. स्पीडो ही सिडनीत सुरू झालेली कंपनी आहे. ती चष्मे आणि टोप्याही बनवते, आणि अंगभर पोशाखही.

बिकिनीतल्या ‘बि’चा अर्थ दोन, म्हणून दोन तुकड्यांचा पोशाख, ही फोड मागाहून जोडलेली आहे. बिकिनी हे प्रशांत महासागरातलं प्रवाळबेट. १ जुलै १९४६ रोजी अमेरिकेने तिथे अणुस्फोट केला आणि ५ जुलैला पॅरिसमध्ये लुई रेआर यांनी आपल्या नव्या पोशाखाला तेच नाव दिलं. स्फोटाआधी तिथल्या माणसांना बेट सोडायला लावलं होतं, आणि किरणोत्सारामुळे त्यांना पुन्हा तिथे कायमचं नांदता आलं नाही. तारापूरचं अणुवीजकेंद्र ही फार वेगळी गोष्ट, पण त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी-पोफरणची घरं उठली. गाव सुटण्याचं दुःख इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोशाखाच्या नावाआड ती बेटावरची माणसं विसरली गेली, हे मला फार खुपतं.

शब्द रूढ झाला की कंपनीचा हक्क संपतो, हेही सरसकट खरं नाही. ॲस्पिरिनचं अमेरिकेत तसं झालं. लायक्रा आणि स्पीडो मात्र आजही नोंदणीकृत नावं आहेत. बोलताना कुणी अडवत नाही, पण दुसऱ्याच इलास्टेनच्या कपड्यावर ‘लायक्रा’ छापून तो विकणं १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने गुन्हा ठरू शकतो.