महागडा आवाज आणि खरे बोलण्याची जबाबदारी

उत्तम आवाजासाठी भरपूर पैसे मोजण्यात गैर काही नाही. किशोरीताई आमोणकरांचा ख्याल घरी ऐकताना मागच्या तानपुऱ्याची जवारीही स्वच्छ कानी पडावी, अशी एखाद्याची इच्छा असते आणि त्यासाठी तो वर्षानुवर्षे पैसे साठवतो. हौसेला मोल नाही. मात्र त्या पैशांच्या बदल्यात विकणाऱ्याने जे सांगितले ते खरे होते का, हे विचारण्याचा त्याला पुरेपूर हक्क आहे.

हाय-एंड ऑडिओच्या बाजारात दोन प्रकारची विधाने कानावर पडतात. ‘या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज उबदार आहे’ हे मत झाले. ज्याचे त्याने ठरवावे. ‘ही एलपी मूळ टेपवरून थेट कापली आहे’ किंवा ‘हा अ‍ॅम्प्लिफायर १०० वॅट देतो’ ही वस्तुस्थितीची विधाने आहेत. ती खरी असतात किंवा खोटी. या क्षेत्रातली बहुतेक फसवणूक या दोन प्रकारांची सरमिसळ केल्याने होते. म्हणून हे दोन्ही वेगळे ठेवायला शिकणे, हीच ग्राहकाची पहिली तयारी.

‘मूळ टेप’चे प्रकरण

अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी ही कंपनी १९७७पासून गाजलेल्या ध्वनिमुद्रणांच्या खास आवृत्त्या काढत आली आहे. आवरणाच्या माथ्यावरची ‘ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग’ ही पट्टी म्हणजे शौकिनांच्या लेखी दर्जाची खूण. तिच्या ‘वन-स्टेप’ मालिकेतील संचाची किंमत १२५ डॉलर होती. एरवी एलपी तयार करताना टेपवरून लॅकरची तबकडी कापतात आणि तिच्यावरून धातूचे साचे एकामागून एक तीन टप्प्यांत काढतात. वन-स्टेपमध्ये मधले दोन टप्पे गाळले जातात, त्यामुळे प्रत मूळ ध्वनीच्या अधिक जवळ राहते, असा दावा होता.

या पद्धतीत एका लॅकरवरून मोजक्याच प्रती निघतात. जास्त प्रती हव्या असतील तर लॅकर पुन्हा पुन्हा कापावी लागते आणि दर वेळी टेपही चालवावी लागते. २०२२मध्ये कंपनीने मायकेल जॅक्सनच्या १९८२च्या ‘थ्रिलर’च्या ४०,००० प्रती काढण्याचे जाहीर केले, तेव्हा जाणकारांना हिशेब जुळेना. इतकी मौल्यवान टेप इतक्या वेळा कोण चालवू देईल?

त्याच वर्षी जुलैमध्ये अ‍ॅरिझोनातील फीनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड विक्रेत्याने जाहीरपणे सांगितले की, या एलपी डिजिटल फाइलवरून कापल्या जातात. कंपनीने त्याला कॅलिफोर्नियातील आपल्या स्टुडिओत बोलावले आणि तिथे तिच्याच अभियंत्यांनी कॅमेऱ्यासमोर ते मान्य केले. टेपवरचा ध्वनी आधी डीएसडी या उच्च दर्जाच्या डिजिटल स्वरूपात उतरवला जात होता. पुढे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने दिलेल्या वृत्तानुसार ही पद्धत २०११पासून वापरात होती आणि वन-स्टेप मालिकेतील एक सोडून सर्व आवृत्त्या तशाच निघाल्या होत्या. कंपनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली. ग्राहक न्यायालयात गेले आणि २०२३मध्ये अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर प्रकरण मिटले. एलपी परत करून पूर्ण पैसे घेण्याचा पर्यायही त्यात होता.

डिजिटल टप्पा वापरणे हा इथला गुन्हा नव्हे. त्याने जुनी टेप झिजत नाही आणि ध्वनीही उत्तम उतरू शकतो. गुन्हा होता तो मौन पाळण्याचा. संचासोबत दिलेल्या प्रक्रियेच्या आकृतीत टेप होती, लॅकर होती, साचा होता; डिजिटल टप्पा तेवढा नव्हता. आपला ग्राहक ‘पूर्ण अ‍ॅनालॉग’ या कल्पनेसाठी पैसे मोजतो आहे, हे माहीत असूनही त्याचा गैरसमज तसाच राहू दिला गेला.

या प्रकरणाने शौकिनांनाही धडा दिला. डिजिटलचा स्पर्श झाला की आपल्या कानाला लगेच कळते, असे सांगणारे अनेक जण याच एलपींची दहा वर्षे वाखाणणी करत होते.

कान का फसतो?

ही माणसे खोटे बोलत नव्हती. आपण काय ऐकतो हे केवळ कानावर ठरत नाही. डोळा, किंमत, नाव आणि अपेक्षा यांचाही त्यात वाटा असतो. १९९४मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी ध्वनिउपकरणे बनवणाऱ्या हार्मन कंपनीतल्याच ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून. पडद्याआडून चांगले गुण मिळवणारा लहान आणि स्वस्त संच नजरेसमोर येताच त्याचे गुण घसरले. ऐकणारे या धंद्यातलेच होते, तरीही असे झाले.

दुसरा सापळा आवाजाच्या पातळीचा. दोन उपकरणांतले एक अर्ध्या-एक डेसिबलने मोठे वाजत असेल, तर ते ‘मोठे’ आहे असे वाटतच नाही. ते ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक मोकळे’ वाटते. शोरूममधल्या डेमोत महागड्या उपकरणाचे बटण किंचित पुढे सरकवले की काम झाले. म्हणूनच प्रामाणिक तुलनेत दोन्हींची पातळी मीटरने, ०.१ डेसिबलपर्यंत, जुळवतात.

यावर उपाय म्हणजे अंध चाचणी. ‘अ’ आणि ‘ब’ यांतले कोणते वाजते आहे हे ऐकणाऱ्याला सांगायचे नाही आणि त्याने ते ओळखायचे. १६ पैकी १२ किंवा अधिक वेळा केवळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. म्हणजे १२ बरोबर आले तर फरक बहुधा खरा आहे. पाच मिनिटांत ऐकून केलेल्या ठाम विधानापेक्षा अशी एक चाचणी कितीतरी मोलाची.

वॅट आणि वायर यांचा हिशेब

फसवणूक फक्त लाखाच्या घरात होते असे नाही. आपल्याकडे लहान स्पीकर संचांवर ‘२००० वॅट पीएमपीओ’ असे स्टिकर वर्षानुवर्षे झळकत आले. तो संच उलटा करून पाहावा. अ‍ॅडॉप्टरवर ‘१२ व्होल्ट, २ अँपिअर’ लिहिलेले असेल तर गुणाकार येतो २४ वॅट. अ‍ॅडॉप्टरमधून २४ वॅट घेणारे यंत्र सलग त्याहून जास्त देऊ शकत नाही. पीएमपीओ मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. पाहावा तो आरएमएस म्हणजे सलग शक्तीचा आकडा, तोही किती ओहमवर आणि किती विकृतीसह, हे लिहिलेले असेल तरच. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांना आवर घालण्यासाठी १९७४मध्ये अ‍ॅम्प्लिफायरच्या शक्तीबाबत सरकारी नियम करावा लागला.

वायरीचे गणितही शाळेतलेच आहे. २.५ चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची वायर घेतली आणि स्पीकर पाच मीटरवर असला, तर जाऊन-येऊन दहा मीटरचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे ही घट ०.१ डेसिबलपेक्षाही कमी. वायर फार बारीक किंवा फार लांब असेल तर फरक पडतो, हे खरे. पण पुरेशी जाड वायर घेतल्यावर तिच्या दसपट किमतीची वायर ‘पडदा दूर करते’ असे सांगणाऱ्याने तो फरक अंध चाचणीत दाखवायला हवा.

खोक्यातले खोके

२०१०च्या सुरुवातीला उघड झालेले लेक्सिकॉनचे प्रकरण आजही आठवण्याजोगे आहे. बीडी-३० हा या कंपनीचा ब्लू-रे प्लेअर ३,५०० डॉलरना विकला जात होता. परीक्षकांनी तो उघडला तर आत ओप्पो कंपनीचा ५०० डॉलरच्या आतला बीडीपी-८३ निघाला, त्याच्या स्वतःच्या सांगाड्यासकट! बाहेरचे जाड, देखणे आवरण मात्र लेक्सिकॉनचे.

एका कंपनीने दुसरीचे सुटे भाग वापरणे ही सर्वमान्य प्रथा आहे. सुंदर आवरणासाठी जास्त पैसे घ्यायलाही हरकत नाही. पण ग्राहक आवाज सुधारल्याचे समजून पैसे मोजत असेल आणि प्रत्यक्षात फक्त खोके बदलले असेल, तर तो नफा अप्रामाणिक आहे. अशा वेळी उपकरण उघडून आतला फोटो छापणारा परीक्षक ग्राहकाची सर्वांत मोठी सेवा करतो.

मोजमापाची बाजूही तपासावी

यावरून ‘सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच’ असा निष्कर्ष काढणेही चूक. उच्च दर्जाच्या डिजिटल ध्वनीचेच उदाहरण घ्या. २००७मध्ये मायर आणि मोरान या संशोधकांनी उच्च दर्जाचा ध्वनी आणि तोच ध्वनी सीडीच्या दर्जावर आणलेला, अशी तुलना केली. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. त्या प्रयोगातील काही ध्वनिमुद्रणे मुळातच उच्च दर्जाची नव्हती, असा रास्त आक्षेप पुढे आला. २०१६मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडे वर भरले आणि प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये ते अधिक होते. म्हणजे फरक असू शकतो, पण तो बारीक आहे. ‘जमीन-अस्मानाचा फरक’ असे सांगणारी जाहिरात आणि ‘काहीच फरक नाही’ म्हणणारा टीकाकार, दोघेही पुराव्याच्या पुढे जाऊन बोलतात.

जिथे फरक सहज ऐकू येतो ती ठिकाणे सर्वांना माहीत आहेत: स्पीकर, त्यांची जागा, खोलीचा आकार, भिंतींवरून परतणारा आवाज आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा दर्जा. सचोटीचा विक्रेता आधी खोलीबद्दल विचारतो आणि वायरीकडे सर्वांत शेवटी वळतो.

समीक्षकाचे पैसे कुठून येतात?

ऑडिओ समीक्षेची अडचण तिच्या अर्थकारणात आहे. उपकरण कंपनी पाठवते, जाहिरात तीच देते, आणि समीक्षकाला ते उपकरण महिनोन्‌महिने वापरायला किंवा मोठ्या सवलतीत विकतही मिळते. याने प्रत्येक समीक्षक विकला जातो असे मुळीच नाही. पण वाचकाला हे व्यवहार कळलेच पाहिजेत. भारतात २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वस्तूची भलामण करणाऱ्याने कंपनीशी असलेला आर्थिक संबंध उघड करणे बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शौकिनांचीही जबाबदारी

सचोटी ही एकट्या विक्रेत्याकडून मागायची गोष्ट नाही. शहरातल्या विक्रेत्याकडे दोन-दोन तास बसून उपकरणे ऐकायची, त्याच्याकडून सल्ला घ्यायचा आणि खरेदी मात्र परदेशातून येणाऱ्या मित्राकरवी करायची, हा त्याच्या श्रमांचा अपहार आहे. जुना अ‍ॅम्प्लिफायर विकताना एका चॅनेलमधली खरखर लपवणे ही फसवणूक आहे. आणि आपण घेतलेली महागडी वस्तू उत्कृष्टच आहे, असे नवख्याला पटवत राहणे ही त्याहून सूक्ष्म फसवणूक. कारण त्यात आपण आधी स्वतःला फसवलेले असते. ‘मला फरक वाटला, पण मी न बघता ऐकून पाहिलेले नाही’ असे म्हणायला धैर्य लागते. शौकिनांच्या जगात विश्वास अशाच वाक्यांनी टिकतो.

खरेदीपूर्वी विचारायचे प्रश्न

* हा दावा मताचा आहे की वस्तुस्थितीचा? वस्तुस्थितीचा असेल तर तो लेखी मिळेल का?
* डेमोत दोन्ही उपकरणांची पातळी मीटरने जुळवली आहे का?
* उपकरण आठवडाभर घरच्या खोलीत वाजवून पाहता येईल का? परत करण्याची अट काय?
* स्वतंत्र मोजमापे उपलब्ध आहेत का?
* एलपी असेल तर ध्वनी कुठल्या स्रोतावरून घेतला, हे आवरणावर स्पष्ट छापले आहे का?
* दुरुस्ती आणि सुटे भाग कुठे मिळतील?

या प्रश्नांना न कंटाळता उत्तर देणारे विक्रेते आपल्याकडे आहेत. ‘याने काही फरक पडणार नाही, पैसे वाचवा’ असे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारेही आहेत. अशा दुकानदाराकडूनच खरेदी करा, त्याला त्याच्या वेळेचे योग्य मोल द्या आणि त्याचे नाव इतरांना सांगा. खरे बोलणाऱ्याचा धंदा चालला, तरच हा बाजार सुधारेल.