साडेअकरा वर्षांची विद्या आणि मजुराचा हिशेब

श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावात एखाद्या मजुराच्या मुलाचा ताप हटत नाही, अंगावर निळसर डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. रक्त तपासल्यावर डॉक्टर गंभीर होतात आणि म्हणतात, ‘रक्ताच्या कर्करोगाच्या तज्ज्ञाकडे न्या.’ हा तज्ज्ञ कोण आणि तो इतका दुर्मिळ का?

एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, औषधवैद्यक किंवा बालरोग या विषयातील एम.डी.ची तीन आणि त्यानंतर डी.एम.ची आणखी तीन, अशी ही साडेअकरा वर्षांची साधना आहे. शस्त्रवैद्य गाठ कापून काढू शकतो. रक्ताला सुरी लावता येत नाही. अस्थिमज्जेच्या तपासणीवरून रोगाचा नेमका प्रकार ठरविणे आणि रोगट पेशी मारताना रुग्ण तगेल इतकीच औषधाची मात्रा बेतणे, हे या तज्ज्ञाचे काम. पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीवर असलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण यशस्वी केले, तेव्हा या विद्येचे सामर्थ्य देशाला दिसले.

परंतु विद्या मुंबईत आणि रोगी श्रीपुरात, ही खरी अडचण आहे. मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्तकर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले काही महिने मोठ्या रुग्णालयावाचून गत्यंतर नसते. पुढील दीर्घ काळ मात्र मुख्यतः गोळ्या आणि वरचेवर रक्ततपासणी यांचा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयाचा भार हलका करते. बुडालेली मजुरी आणि परगावचा मुक्काम मजुराच्याच माथी राहतो. मूल बरे दिसू लागले, की फेऱ्या थांबतात आणि दबलेला रोग उलटतो. औषध फुकट असूनही उपचार महाग ठरतो, तो असा.

मार्ग आपल्याच जिल्ह्याने दाखविला आहे. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणीही १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. मुंबईच्या तज्ज्ञाने उपचाराची दिशा ठरवावी, पुढील तपासण्या तालुक्याच्या प्रशिक्षित डॉक्टराने कराव्यात आणि तज्ज्ञाने ठरल्या दिवशी जिल्ह्यात यावे, अशी व्यवस्था शासनाने का करू नये? साडेअकरा वर्षांच्या या विद्येवर समाजाचाही पैसा खर्च झालेला असतो. तिचे फळ मजुराच्या मुलाला एका दिवसाची मजुरी बुडवून मिळावे, आठवड्याची नव्हे, एवढीच अपेक्षा आहे.