जुन्या शेती ट्रॅक्टरच्या शक्तिप्रेषण यंत्रणेतील आवाज : निदान व दुरुस्ती

प्रस्तावना :
भारतीय शेतीच्या यांत्रिकीकरणात १९६० च्या दशकाला विशेष महत्त्व आहे. १९६३ मध्ये महिंद्र समूहाने इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या सहकार्याने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाची स्थापना केली आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर भारतीय शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. अशा जुन्या धाटणीचे ट्रॅक्टर आजही शेतात राबताना दिसतात. त्यांच्या गिअरबॉक्समधून आवाज येऊ लागताच तो खोलण्याकडे सर्वसाधारण कल असतो. परंतु निदान न करता गिअरबॉक्स खोलल्यास चांगले भाग विनाकारण बदलले जातात, मूळ दोष तसाच राहतो आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये अडकून पडतो. म्हणून आवाजाचे शास्त्रशुद्ध निदान ही लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने आर्थिक गरज ठरते.

उद्दिष्टे :
१. आवाज व सदोष भाग यांतील संबंध स्पष्ट करणे.
२. गिअरबॉक्स न खोलता करावयाच्या चाचण्यांचा क्रम मांडणे.
३. दुरुस्तीतील आवश्यक दक्षता सांगणे.

विषय विवेचन :

अ) शक्तीचा मार्ग :
इंजिनाची शक्ती क्लच, गिअरबॉक्सचे शाफ्ट, क्राऊन-पिनियन, डिफरन्शियल व शेवटी बुल गिअर या मार्गाने मागील चाकांपर्यंत जाते. प्रत्येक टप्प्यावर फिरण्याची गती वेगळी असते. कोणता भाग केव्हा फिरतो आणि केव्हा थांबतो, हे लक्षात घेतल्यास आवाजाचे स्थान निश्चित करता येते.

आ) उभ्या ट्रॅक्टरवरील चाचणी :
इंजिन चालू ठेवून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. क्लच दाबताच आवाज बंद होत असेल, तर इनपुट शाफ्ट किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. कारण क्लच दाबल्यावर हे शाफ्ट थांबतात. याउलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाल्यास दोष प्रामुख्याने रिलीज बेअरिंगमध्ये असतो. क्लचचा काहीच परिणाम होत नसल्यास इंजिन व हायड्रॉलिक पंप आधी तपासावेत.

इ) चालत्या ट्रॅक्टरवरील चाचणी :
आवाज एकाच गिअरमध्ये येत असल्यास त्या गिअरच्या जोडीचे दाते झिजलेले वा तुटलेले असण्याची शक्यता असते. सर्व गिअरमध्ये येणारा, ओढ घेताना वाढणारा व ॲक्सिलरेटर सोडताच बदलणारा आवाज क्राऊन-पिनियनकडे निर्देश करतो. डिफरन्शियलमधील लहान पिनियन सरळ चालीत स्वतःभोवती फिरत नाहीत. म्हणून केवळ वळणावर येणारा आवाज तेथील दोष सुचवतो.
ठराविक अंतराने येणारा ठोका मोजणे उपयुक्त ठरते. चाकाचा परीघ ४ मीटर व वेग ताशी ५ किलोमीटर असल्यास चाक मिनिटास सुमारे २१ फेरे घेते. ठोकेही तितकेच पडत असतील, तर बुल गिअर किंवा चाकाचा ॲक्सल तपासावा. शेवटच्या टप्प्याचे प्रमाण ५:१ असल्यास मिनिटास सुमारे १०५ ठोके हे बुल पिनियन किंवा क्राऊनमधील दोषाचे लक्षण होय.

ई) तेलाची साक्ष :
तेल गरम असताना काढून स्वच्छ भांड्यात घ्यावे व त्यात चुंबक फिरवावे. राखाडी, मऊ लेप ही साधारण झीज होय. चकचकीत पापुद्रे बेअरिंगचा, तर टोकदार तुकडे दात्यांचा नाश दर्शवतात. चुंबकास न चिकटणारे पिवळे कण बुशचे असू शकतात. दुधाळ तेल म्हणजे पाण्याचा शिरकाव. तेलाची पातळी कमी असणे हेही आवाजाचे कारण असते. त्यामुळे ही तपासणी सर्वांत आधी करावी.

उ) दुरुस्ती व दक्षता :
ट्रॅक्टर मधून विलग करताना पुढील ॲक्सलवर दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी ठोकाव्यात. हा ॲक्सल मध्यावर झुलता असल्याने पाचरीअभावी इंजिनाचा भाग कलंडून प्राणघातक अपघात होऊ शकतो. टेपर रोलर बेअरिंग कपासह बदलावे. क्राऊन व पिनियन जोडीनेच बदलावेत. त्यांच्या दात्यांमधील मोकळीक डायल गेजने मोजून शिमच्या साहाय्याने पुस्तिकेतील मापानुसार ठेवावी. दाते तुटले असल्यास क्लच पेडलची मोकळी चाल अवश्य तपासावी. क्लच पूर्ण सुटत नसल्यास गिअर बदलताना दात्यांच्या कडा एकमेकांवर आपटतात; हा दोष राहिल्यास नवीन गिअरही टिकत नाही.

निष्कर्ष :
१. आवाज हे लक्षण आहे. तो केव्हा येतो व केव्हा थांबतो यावरून सदोष भाग ओळखता येतो.
२. तेल, क्लच, चाल व शेवटी खोलणे हा क्रम पाळल्यास अनावश्यक खर्च टळतो.
३. पापुद्रे किंवा तुकडे आढळल्यास ट्रॅक्टर त्वरित थांबवावा. एका बेअरिंगचे तुकडे संपूर्ण गिअरबॉक्स निकामी करू शकतात.
४. कृषी अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांत सुटे भाग ओळखण्याबरोबरच निदानाच्या या क्रमालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.