एका अंशात मावणारं तानसा

कसारा घाटातला एहेगावचा रेल्वेपूल दरीच्या तळापासून १८२ फूट, म्हणजे साधारण ५५ मीटर उंच. घाटातून गाडी धावू लागली १८६५ साली. खाली उभं राहून पुलाचा फोटो घ्यायचा तर कॅमेरा वर रोखावा लागतो, आणि रोखला की सरळसोट खांब एकमेकांकडे कलतात. वरचं टोक लांब, म्हणून लहान दिसतं.

टिल्ट-शिफ्ट लेन्स असेल तर कॅमेरा ओळंब्यात ठेवायचा आणि नुसती लेन्स वर सरकवायची. ही लेन्स सेन्सरला पुरेल त्याहून बरंच मोठं चित्र आत पाडते. सरकवून त्यातला हवा तो भाग घ्यायचा. साठ मीटरवरून, फुलफ्रेम कॅमेऱ्याला २४ मिमीची लेन्स लावून आडवा फोटो काढला, तर कॅमेऱ्याच्या पातळीपासून वरचं फक्त ३० मीटर मावतं. लेन्स १२ मिलिमीटर सरकवली की ६०! अख्खा पूल येतो, खांबही ताठ. करंगळीच्या नखाएवढी ती हालचाल.

पण मला वेड लावलं ते टिल्टने. ऑस्ट्रियाच्या सैन्यातला कप्तान थिओडोर शाइम्पफ्लुग हवाई फोटोंमधला तिरपेपणा काढण्याच्या खटपटीत होता. त्याचं पेटंट १९०४ चं. नियम असा: सेन्सर, लेन्स आणि फोकसची पातळी, तिन्ही वाढवत नेल्या की एकाच रेषेत मिळतात. म्हणजे लेन्स कलवली की फोकसची उभी पातळी जमिनीवर आडवी पाडता येते.

शहापूर तालुक्यातलं तानसा धरण घ्या. १८९२ चं दगडी बांधकाम, लांबी सुमारे २.८ किलोमीटर. धरणाच्या माथ्यावर दीड मीटर उंचीवर कॅमेरा लावला (परवानगी काढूनच!), तर २४ मिमीची लेन्स किती झुकवावी? एक अंशाहूनही कमी. तेवढ्यात पायाजवळच्या दगडापासून पार टोकापर्यंतचा माथा स्पष्ट, तोही अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून. दोन पावलांवर कुणी उभं असलं तर मात्र चपला स्पष्ट आणि चेहरा धूसर.

लेन्स उलटी झुकवली की चिंचोळा पट्टाच स्पष्ट उरतो. इतका उथळ फोकस डोळ्यांना फक्त हाताशी धरलेल्या वस्तूंचा ठाऊक, म्हणून माळशेज घाटातून दिसणारी मुरबाडकडची खाचरं आणि एसटी खेळण्यातली वाटतात. कॅमेरा बराच वरून रोखलेला असेल, ऊनही लख्ख असेल, तर फसगत आणखी पक्की.