छोट्या तोफांमधले शिसे

ब्रिटनची ‘एचएमएस वॉरियर’ ही युद्धनौका १८६० च्या डिसेंबरात लंडनला थेम्स नदीत उतरली. वाफेचे इंजिन आणि शिडे दोन्ही असलेली, लोखंडी बांध्याची, चिलखत चढवलेली ही ब्रिटनची पहिली सागरी युद्धनौका. साडेचार इंच जाडीच्या लोखंडामागे १८ इंचांचे सागवान होते. ती आज पोर्ट्समथच्या गोदीत पाहायला मिळते आणि घरोघरच्या टेबलांवर तिच्या प्रतिकृतीही तयार होतात.

१:९६ या प्रमाणात १२८ मीटर लांबीची ‘वॉरियर’ सव्वा मीटरहून थोडी मोठी होते. वजन मात्र लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही बाजूंनी घटते. त्यामुळे नऊ हजार टनांहून जड जहाजाचा हिशेब जेमतेम साडेदहा किलोंवर येतो. मूळ जहाजावर ४० तोफा होत्या. प्रतिकृतीत त्यातली मोठी तोफ तीन सेंटिमीटरची, म्हणजे अंगठ्याच्या अर्ध्या लांबीची. अशा तोफा, नांगर, कप्प्या पूर्वी सर्रास शिशाच्या किंवा शिसे मिसळलेल्या धातूच्या ओतत. शिसे मऊ असते, ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि साच्यातले बारकावे छान उचलते. या छंदातला मुख्य धोकाही तेच शिसे आहे.

शिशाच्या तुकड्याला नुसता हात लागला म्हणून विषबाधा होत नाही. कानशीने घासताना उडणारी भुकटी बोटांवर बसते आणि चहाच्या कपासोबत, बिस्किटासोबत किंवा सिगारेटसोबत पोटात जाते. शिसे वितळवताना निघणारा धूर श्वासातून आत जातो. शरीर या धातूचा साठा हाडांत करते आणि तो वर्षानुवर्षे तिथे राहतो. प्रौढांमध्ये पोटात कळ, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, चिडचिड, हातापायांना मुंग्या आणि रक्तक्षय दिसू शकतो. ही लक्षणे इतकी रोजची आहेत की शिशाची शंका सहसा येत नाही. लहान मुले पोटात गेलेल्या शिशाचा वाटा मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषतात आणि त्याचा घाव त्यांच्या वाढत्या मेंदूवर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही.

जुन्या प्रतिकृतींमध्ये आणखी एक प्रकार घडतो. ओकसारख्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, वाफ हळूहळू सुटते. बंद काचपेटीत ती कोंडते. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या साथीने ती शिशाचे पांढऱ्या भुकटीत रूपांतर करते. या क्रियेत आम्ल पुन्हा मोकळे होते, म्हणून झीज थांबत नाही. पूर्वी रंगासाठी सफेदा बनवताना शिसे व्हिनेगरच्या वाफेवर ठेवत, तीच ही रसायनक्रिया. आजोबांच्या जहाजावर अशी पांढरी बुरशी दिसली तर ती फुंकू नये, ब्रशने झटकू नये आणि मुलांना हात लावू देऊ नये.

आता शिसेविरहित, कथिलाचे प्रमाण जास्त असलेला मिश्रधातू मिळतो. मात्र ‘व्हाइट मेटल’ एवढ्याच नावावर विसंबू नये, त्यात शिसे आहे का ते विचारूनच घ्यावे.

लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. दीर्घकाळ संपर्क आल्यास नाक आणि सायनसच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झाला आहे. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काहींना दम्याचा त्रास देते, तर इपॉक्सीने हातावर खाज व पुरळ उठते.

काळजी साधी आहे. स्वयंपाकघराच्या गॅसवर शिसे कधीही वितळवू नये. काम हवेशीर जागी, धूळ रोखणारा चांगला मास्क लावून करावे. कामाच्या टेबलावर खाणेपिणे नको. उठताना साबणाने हात धुवावेत, टेबल ओल्या फडक्याने पुसावे, झाडू मारू नये. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. घरात गर्भवती स्त्री किंवा लहान मूल असेल तर शिसे घरात आणूच नये.

अनेक वर्षे शिसे हाताळलेल्यांना वरची लक्षणे असतील, तर डॉक्टरांना या छंदाबद्दल आवर्जून सांगावे. रक्तातील शिशाची पातळी एका साध्या रक्ततपासणीत कळते.