कॉपी-बंद फ्लॉपी हार्ड डिस्कवर

सव्वापाच इंची ३६० केबी फ्लॉपीला दोन बाजू, दर बाजूला ४० ट्रॅक, दर ट्रॅकवर ९ सेक्टर.

कॉपी रोखण्यासाठी कंपन्या यातलाच एखादा सेक्टर मुद्दाम बिघडवत. प्रोग्रॅम सुरू होताना तो बिघाड शोधी. साध्या प्रतीत तो नसेच. म्हणून फाइली हार्ड डिस्कवर घेतल्या तरी मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये लागे. विकत घेणाऱ्यालाच जाच!

ग्रीझवेझल हे छोटे उपकरण फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल बिघाडासकट टिपते. आधी कडेच्या खाचेवर अपारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे चुकून काही लिहिले जात नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार कायदेशीर धारकाला बचावापुरती प्रत काढता येते.

दहिवलीसारख्या उल्हास नदीकाठच्या, धो-धो पावसाच्या गावात फ्लॉपीला बुरशी धरते. आतली चकती दिसते त्या लांबट खाचेत पांढरे डाग दिसले, तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये. आधी जाणकाराला विचारा.