राग किती दिवस सांभाळायचा?



भारतातून आई-बाबा आले की नायगारा, वॉशिंग्टन डीसी आणि पेनसिल्व्हेनियातली आमिश वस्ती ही आपली ठरलेली सहल. घोडागाड्या आणि बायकांच्या पांढऱ्या टोप्या बघायच्या, फोटो काढायचे आणि परत यायचं. पण याच लँकॅस्टर काउंटीतल्या निकेल माइन्सची गोष्ट समजली की ही माणसं निराळीच दिसू लागतात.

तारीख २ ऑक्टोबर २००६, म्हणजे नेमकी गांधीजयंती. शेतांवरून दूध गोळा करणारा एक ट्रकचालक आमिश मुलांच्या एकखोली शाळेत बंदूक घेऊन शिरला. त्याने १० मुलींना गोळ्या घातल्या आणि मग स्वतःला संपवलं. त्यातल्या ५ मुली दगावल्या. आपली तान्ही मुलगी ९ वर्षांपूर्वी गेली, त्याचा देवावर राग असल्याचं त्याने चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं.

त्याच संध्याकाळी आमिश शेजारी त्याच्या घरच्यांना भेटायला गेले. तुमच्यावर आमचा राग नाही, एवढंच सांगायला. पुढे त्याच्या अंत्यविधीलाही ते हजर राहिले.

हे कसं जमलं? येशूने शिकवलेली प्रार्थना आमिश लोक रोज करतात. आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हालाही कर, असं मागणं तिच्यात आहे. किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का, असं पेत्राने विचारलं तेव्हा येशूने सत्तर गुणिले सात असं उत्तर दिलं. आपल्यासारखे कॉम्प्युटरवाले लगेच ४९० म्हणतील! पण मुद्दा हिशेब ठेवणंच सोडून देण्याचा आहे. पैठणला अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्यावर न चिडता प्रत्येक वेळी गोदावरीत स्नान करून येणाऱ्या एकनाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो, तिच्या जवळचंच हे.

क्षमा म्हणजे गुन्हा विसरणं नव्हे, शिक्षा माफ करणंही नव्हे. जून २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये ९ जणांची हत्या झाली. दोनच दिवसांनी काही नातेवाइकांनी कोर्टात आरोपीला क्षमा केल्याचं सांगितलं. तरी खटला चाललाच, आणि २०१७ मध्ये त्याला मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली. न्याय कोर्टाने करायचा, सूडाचा हक्क आपण सोडायचा, असा हा विचार आहे.

आणि ही क्षमा एका दिवसात पुरी होत नाही. निर्णय आधी घ्यायचा, मन मागाहून येतं. राग उद्या पुन्हा उसळला तर उद्या पुन्हा सोडायचा. आमिश आईबापांचं दुःखही काही त्या संध्याकाळी संपलं नव्हतं.

आपल्यात गोळ्या चालत नाहीत, पण अबोला चालतो. गावाकडच्या घराच्या वाटणीवरून भावाशी बोलणं बंद होतं आणि तो तिकडे, आपण इकडे, अशी दहा-बारा वर्षं निघून जातात. वाटणीचं काय ते वकील बघतील. दिवाळीचा फोन करायला मात्र निकालाची वाट बघायची गरज नाही.

निकेल माइन्सच्या त्या ट्रकचालकाची आई पुढे कित्येक वर्षं एका आमिश घरी नेमाने जात असे. तिच्या मुलाच्या गोळीने कायमची अपंग झालेली मुलगी त्या घरात होती. ती तिला आंघोळ घाली, गोष्टी वाचून दाखवी. त्या घराने तिच्यासाठी दार उघडलं होतं.